जावयाचा कोट

नोकरी माणसाला मिळत नाही, कोटाला मिळते, असं हरिहरचं ठाम मत होतं. मॅट्रिक होऊन वर्ष झालं तरी त्याला नोकरी नव्हती, आणि त्याच्याकडे कोटही नव्हता, त्यामुळे हे मत खोडून काढणं कोणालाच जमत नसे.

ही त्या काळातली गोष्ट, जेव्हा डोंबिवलीत स्टेशनाबाहेर पडलं की भाताची शेतं लागत आणि कोणाच्या घरी काय शिजतंय हे आळीला वासावरून कळे. काय सुखाचे दिवस होते! सुखाचे म्हणजे, खिशात काही नसायचं, पण ते कोणाच्याच नसायचं.

हरिहरला ठाण्याला इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका साहेबांच्या कचेरीत उमेदवारी मिळाली. उमेदवारी म्हणजे काम पुरेपूर आणि पगार नाही. तीन महिन्यांनी दोघा उमेदवारांतून एकाला कायम करणार होते. आप्पा, म्हणजे हरिहरचे वडील, छापखान्यात खिळे जुळवून जुळवून डोळ्यांनी अधू होत चालले होते. वर्षभरात हरिहरला पगार सुरू झाला नाही, तर घर कसं चालणार हे देवालाच ठाऊक होतं.

दुसरा उमेदवार दिगंबर. त्याच्या वडिलांची मिठागरं होती आणि नौपाड्यात बंगला. तो चुरगळलेला बुशशर्ट आणि चपला घालून यायचा, स्टुलावर पाय टाकून बसायचा, आणि साहेब कौतुकाने म्हणायचे, मुलगा अगदी साधा आहे हो! तसलं साधेपण हरिहरला परवडणारं नव्हतं. त्याच्या शर्टाची कॉलर आईने दोनदा उसवून, उलटून शिवली होती.

मग कोटाचा प्रश्न त्याच्या बहिणीने, गोदाताईने, सोडवला. तिच्या लग्नात आप्पांनी जावयाला लोकरी कोट केला होता. जावई महिपतराव तेव्हा गावी होते, म्हणून शिंप्याने माप न घेता अंदाजाने शिवला, आणि तो त्यांच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबला. लग्नानंतर तो जो ट्रंकेत गेला तो डांबराच्या गोळ्यांतच राहिला. दाजी एसटीत कंडक्टर, आठवडाभर खाकीत. त्यांना न सांगता गोदाताईने कोट माहेरी आणला, खांद्यात आत घेतला, बटणं बदलली, आणि तो हरिहरला असा बसला की आईने दृष्टच काढली.

तीन महिने हरिहर भर उन्हाळ्यात लोकरीत उकडून निघाला. शेवटच्या शनिवारी साहेबांनी त्याला बोलावलं. काम उत्तम आहे म्हणाले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण तुमचं घरचं बरं दिसतं. तुम्ही आणखी सहा महिने बिनपगारी काढू शकाल. जागा सध्या दिगंबरला देऊ, सोमवारी त्याचं पत्र काढतो."

कोटाने हरिहरला इतकं श्रीमंत केलं होतं की पगाराची गरजच उरली नव्हती. तो तसाच बाहेर आला, तर समोर खोपटच्या एसटी डेपोकडे निघालेले दाजी.

त्यांनी हरिहरभोवती एक फेरी मारली, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि तरातरा निघून गेले.

रविवारी ते डोंबिवलीला हजर झाले. आईने पुरणपोळी केली होती. दाजींनी पानाला हात लावला नाही. आप्पांनी दहादा विचारल्यावर ते म्हणाले, "एकाच ताग्यातून दोन कोट शिवलेत तुम्ही. जावयाला अंदाजाने, आणि मुलाला मापाने!"

खरं सांगावं, तर जावयाला दिलेली वस्तू परत आणली हे कबूल करायचं, आणि वर लेकीने ती चोरून दिली हेही. त्यापेक्षा आप्पांना मरण बरं वाटलं असतं. ते उठले, खुंटीवरचा हरिहरचा कोट काढला, आईने दाजींना कुंकू लावलं, आणि नारळासह तोच कोट जावयाला दुसऱ्यांदा अर्पण झाला. तो दाजींच्या अंगावर बेतून शिवल्यासारखा बसला. मग त्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या.

सोमवारी हरिहर उलटलेल्या कॉलरच्या शर्टात कचेरीत गेला. साहेबांनी आधी कॉलर पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि दार लावून घरचं सगळं विचारून घेतलं; कोट कुठे गेला तेवढं हरिहरने गाळलं. दिगंबरला विचारलं, तर तो म्हणाला, मला कसली घाई, हरिहरलाच घ्या. साहेबांनी तिथल्या तिथे पत्रावरचं नाव बदललं. हरिहरच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "फक्त उद्यापासून तो कोट घालून येत जा. उमेदवाराचं चालतं, कायम माणसाने शर्टावर गिऱ्हाइकांपुढे जायचं नाही."

संध्याकाळी हरिहर खोपटला बहिणीच्या दारात उभा होता. दाजी घरातसुद्धा कोट घालून बसले होते. नोकरीची बातमी ऐकून त्यांनी त्याला मिठी मारली. मग हरिहरने चाचरत कोटाची अडचण सांगितली, तसे ते हळहळले.

"अरे, मागायला लाजतोस काय! माझा लग्नातला कोट तुला कायमचा देऊन टाकला असता. पण काल येऊन ट्रंक उघडली, तर तुझी ताई म्हणते, त्याला कसर लागली म्हणून बोहारणीला घातला. हे पातेलं घेतलं त्याच्यावर."

गोदाताई पाठमोरी उभी राहून त्याच पातेल्यात चहा ढवळत होती. तिने वळून पाहिलं नाही.

चहा आला. कोटावर थेंब पडू नये म्हणून दाजींनी बशी हरिहरला आपल्या हनुवटीखाली धरायला सांगितली, आणि त्याने ती धरली.