तातडीमहालातील साडेतीन मिनिटांची हकीकत

श्रीगजाननास वंदन, वाचेची देवता शारदा तीस वंदन, आणि तिसरे वंदन भिंतीवरील घड्याळास, जे सर्वांस दिसते आणि कोणासही भीत नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, फाल्गुन वद्य तृतीया, गुरुवार, ते दिवशी तातडीमहालात जे वर्तले ते लिहून काढावे अशी राज्याचे धनी श्रीमंत यांची आज्ञा जाहली. जैसे घडले तैसे लिहावे, कोणाची भीड धरू नये, स्वतःचीही धरू नये, ऐसे बजाविले. सेवक दारापाशी टेबल मांडून येणाऱ्या दुखणाइतांची नावे आणि महालाचे इतर कागद लिहितो, वीस वर्षे हेच करितो, सबब पुढील सर्व डोळ्यांदेखतचे आहे, ऐकीव काही नाही.

राज्य मोठे, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्यात दोन खाती नामांकित. एक उडाणखाते, ज्याची विमाने आभाळी फिरतात, आणि दुसरे आमचे तातडीखाते, जेथे सर्पदंश, छातीची कळ, गाडीखाली आलेले, ऐसे सर्व धावत आणिले जातात. तातडीखात्याचे सरदार डॉक्टर नीळकंठराव. हात असा की मुंगीच्याही नाडीत सुई घालतील, आणि मिजासही तितकीच. महालात सरदारांची स्वारी येई तेव्हा भालदार ललकारी देई, त्यांच्या एकूणएक पदव्या, परदेशच्या दोन धरून, मोठ्याने पुकारी, आणि मग परिचारिका, मदतनीस, शिकाऊ डॉक्टर सारे मान खाली घालून उभे राहत. सरदार कामास लागले की कोणी वर पाहू नये, कोणी शब्द काढू नये, मागतील ते हाती द्यावे, हा रिवाज. रिवाज कोणी पाडला कोणास ठाऊक, परंतु मोडण्याची छाती कोणास नव्हती, आम्हास तर मुळीच नव्हती.

त्याच वर्षी श्रावणमासी बाबू कासार म्हणून बांगड्या विकणारा आणिला होता. सबंध बाजारात सर्वांत मोठा आवाज त्याचा. घशात सूज येऊन श्वास कोंडला होता, आणि सरदार तोंडावाटे श्वासाची नळी घालू लागले, ती जाईना, पुन्हा घातली, पुन्हा जाईना, आणि रुक्मिणी शेलार नावाची परिचारिका गळा चिरून वाट करण्याचे तबक दुसऱ्याच मिनिटास शेजारी आणून उभी राहिली. मान खाली. बोलली नाही. सरदारांनी पाहिले नाही. बाबूचा जीव राहिला, परंतु मेंदूस वारा पुरला नाही आणि वाचा गेली ती गेलीच. मग चौकशी जाहली, आणि चौकशीचा रिवाज ऐसा की सर्वांत खालच्या माणसावर खापर फोडावे आणि दुपारच्या जेवणास मोकळे व्हावे. तबक उशिरा आणिले ऐसे कागदी लिहून रुक्मिणीस काढून टाकिले. ती जाताना टेबलापाशी थांबली, आमच्याकडे पाहिले, आणि गेली.

श्रीमंतांचे मनास मात्र ही गोष्ट लागून राहिली. त्यांनी उडाणखात्यातून मंजुळाबाई तांडेल यांस बोलावून घेतले. बाई पूर्वी विमानावर नायब वैमानिक होत्या, हल्ली माणसे कोठे आणि का चुकतात याचाच शोध करितात. त्या मार्गशीर्षात आल्या, कोपऱ्यात स्टूल घेऊन तीन आठवडे बसल्या, वहीत काही टिपीत, आणि सर्वांची पाचावर धारण बसली की आता कोणाची नोकरी जाते. चौथे आठवडी बाईंनी सर्वांस जमवून सांगितले,

"मी कुणाला पकडायला आलेली नाही. मीच एकदा पकडण्यासारखी होते. आमचं विमान ढगातून खाली येत होतं, उंची कमी होती, आणि मला ते दिसत होतं. मुख्य वैमानिक माझे गुरू. मी म्हटलं, साहेब, डोंगर आज फार जवळ दिसतात नाही? ते म्हणाले, हो, पावसानंतर छानच दिसतात. मी गप्प बसले. विमान उसात पडलं. एकशेबारा माणसं वाचली. साहेब वाचले नाहीत."

मग बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. ललकारी बंद, तिच्या जागी भालदाराने घड्याळ पाहून मिनिटे पुकारावी. खालच्या माणसास धोका दिसला तर आडवळणाने न बोलता ठरलेले शब्द बोलावे, पहिल्याने "मला काळजी वाटते", न ऐकल्यास "हे धोक्याचं आहे", आणि तरी न ऐकल्यास "हात थांबवा", आणि तिसऱ्या शब्दास सरदारांनीही हात थांबवावा. आणखी एक लाकडी पेटी ठेवावी, तीत आपली चूक आपण लिहून टाकावी, लिहील त्यास शिक्षा नाही. श्रीमंतांनी तिन्हींवर शिक्का केला.

सरदार संतापले ते विचारू नका. म्हणाले, "या हातानं हजारो नळ्या घातल्या. आता मला वेळ सांगायला माणूस ठेवणार?"

बाई म्हणाल्या, "हात उत्तमच आहे, साहेब. म्हणून तर वेळ कळत नाही. जो जीव ओतून काम करतो त्याचंच भान जातं. कामचुकार माणसाला घड्याळ बरोबर दिसतं."

हे बोलणे आम्हास अंमळ झोंबले, कारण घड्याळ आम्हास नेहमीच बरोबर दिसत आले. असो. आज्ञा निघाली खरी, पण विश्वास कोणाचाच बसेना. महिन्याने पेटी उघडली तो आत दोनच चिठ्ठ्या. एकीत कॅन्टीनचा चहा पातळ असल्याची तक्रार, दुसरी कोरी. ठरलेले शब्द परिचारिकांकडून रोज सकाळी म्हणवून घेतले जात आणि त्या पाढे म्हटल्यासारख्या म्हणत. सुंदरा दळवी म्हणून रुक्मिणीची जिवलग मैत्रीण होती, ती तर ओठ हलवी आणि आवाज काढीत नसे. तिचे म्हणणे असे की, "शब्द बाई देऊन जातील, नोकरी माझी जाईल. घरात मिळवणारी मी एकटी. रुक्मिणीचं काय झालं ते बघितलंय की मी."

ऐसे चालले असता फाल्गुन वद्य तृतीयेस भर दुपारी डोंगरावरील देवळाचा पुजारी सोमा गुरव यास घेऊन जीप आली. आग्यामोहोळ उठून पन्नास-साठ माश्या डसलेल्या, तोंड सुजून डोळे बुजलेले, श्वास शिटीसारखा वाजत होता. बरोबर त्याची बायको गंगू, तिच्याही हातास दंश, तिकडे तिचे लक्ष नाही. आम्ही नाव विचारले तो ती म्हणाली, "नाव काय लिवताय, आदी त्यांस्नी बगा! सकाळी देवाला पानी घालाया गेलं ते बोलत गेलं, आता बोलंनात!"

सरदार धावत आले. मांडीत औषधाची सुई आधीच दिली होती, ती पुरेना, घसा मिटत चालला, आणि सरदारांनी नळी हाती घेतली. भालदाराने पुकारले, "एक मिनिट." नळी अडली. सरदारांनी सोमाची मान वळवून पुन्हा घातली, पुन्हा अडली, आणि भालदार पुकारता जाहला, "दोन." आमचे ध्यानी आले की हे सर्व आम्ही पूर्वी पाहिले आहे. तेच टेबल, तोच वाकलेला खांदा, तसेच ओठ निळे होत चाललेले. मात्र तबक घेऊन आज सुंदरा उभी होती. दाराबाहेर गंगू देवाचे नाव घेत होती ते ऐकू येत होते.

सुंदरा म्हणाली, "मला काळजी वाटते." आवाज असा की तिचा तिलाच ऐकू आला असेल तर नवल. सरदार तिसरी नळी मागते जाहले. भालदार म्हणाला, "तीन." सुंदरेने मान वर केली, आणि म्हणाली, "साहेब, हे धोक्याचं आहे." सरदार म्हणाले, "थांब, आता जाईल, आता जाईल." आणि मग ती अशी ओरडली की पंख्यावरचे कबूतर उडून खिडकीबाहेर गेले आणि आमचे हातची लेखणी खाली पडली.

"हात थांबवा!"

सरदारांचा हात थांबला. आम्ही मनात म्हटले, गेली बिचारी. सरदारांनी नळी टाकिली, सुंदरेकडे पाहिले नाही, नुसता पंजा पुढे केला आणि म्हणाले, "सुरी." ती तिने दिली. मग तोच हात, ज्याची मिजास वर लिहिली, तो गळ्यावर फिरला, एक चीर, एक छोटी नळी, आणि सोमा गुरवाची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. यंत्रावरचा आकडा चढू लागला, ओठांवर रंग आला, आणि आमचे जिवात जीव आला. शिकाऊ डॉक्टर रडू लागला, भालदार त्यास गप्प करिता करिता स्वतःच रडू लागला.

सरदार भिंतीशी जाऊन पालथ्या बादलीवर बसले. तेथूनच विचारले, "किती वेळ झाला होता?"

"साडेतीन मिनिटं, साहेब," सुंदरा म्हणाली.

"मला वाटलं होतं, एक पण झालं नसेल." मग ते दोन्ही हातांकडे पाहत राहिले. आणि म्हणाले, "बाबू कासाराच्या वेळी किती झाली होती?" कोणी बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. मग म्हणाले, "रुक्मिणीचा पत्ता आहे का कुणाकडे?"

सुंदरा म्हणाली, "आहे की. माझ्याच शेजारी राहते."

सरदार स्वतः तिच्या दारी गेले. तेथे काय बोलणे जाहले ते लिहीत नाही, कारण आम्ही तेथे नव्हतो, आणि सुंदरा विचारल्यावर नुसती हसते. चैत्र शुद्ध प्रतिपदेस रुक्मिणी कामावर रुजू जाहली. त्या दिवशी सरदार महालात शिरले तेव्हा भालदार जुन्या सवयीने ललकारी देऊ लागला, दोन पदव्या पुकारल्याही, तो सरदार म्हणाले, "राहू दे रे ते. मी नीळकंठ. काल झोप कमी झालीय. चुकताना दिसलो तर ओरडा." हे ऐकून मंजुळाबाईंनी वही मिटली आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ आमच्याकडे होती, पदर डोळ्यांस लावलेला दिसला. सोमा गुरवाची गळ्यातील नळी निघाली, जखम भरली, आणि घरी जाताना त्याने घोगऱ्या आवाजात आम्हास विचारले, "माझं नाव नीट लिवलं का त्या दिवशी?" नीट लिहिले नव्हते. घाईत सोमाचे सदा लिहिले गेले होते. तेथल्या तेथे दुरुस्त केले आणि चिठ्ठी पेटीत टाकिली. सोपे गेले.

ते सोपे गेल्यामुळेच पुढील लिहिण्याचा धीर जाहला. पहिल्या महिन्यात पेटीत निघाली ती कोरी चिठ्ठी आमची होती. आता तिच्यावर लिहितो. श्रावणातल्या त्या दिवशी घड्याळ आमचे समोर होते. पाच मिनिटे जाताना आम्ही पाहिली. तबक दुसऱ्या मिनिटास आले तेही पाहिले. आम्ही बोललो नाही, आणि चौकशीचे कागदी "तबक उशिरा" हे शब्द आम्हीच आमच्या हाते लिहिले. हे रुक्मिणीस वाचून दाखविले. ती पट्ट्या गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मला माहीत होतं. पण मला कशाला वाचून दाखवता? बाबूला दाखवा. त्याची वाचा गेलीय, कान शाबूत आहेत."

येणेप्रमाणे हकीकत. सोमा गुरव पुन्हा देवास पाणी घालू लागला, रुक्मिणी कामावर आली, सुंदरेचा आवाज आता कॅन्टीनपर्यंत ऐकू येतो, सरदार चिडतात पण थांबतात, आणि पेटी दर आठवड्यास भरते. सेवकास कित्येक महिन्यांनी दुपारची भाकरी गोड लागली. हा कागद श्रीमंतांचे चरणी रुजू करण्याआधी त्याची एक नक्कल खिशात घेतली आहे. उद्या सकाळी बाबू कासाराकडे जाणे आहे.