बारा बाल्कन्या आणि ढोके काका

ढोके काका पहिल्यांदा कुणाच्या घरी गेले की बूट काढायच्या आधी खिशातून होकायंत्र काढत. ते तळहातावर धरून, सुई थांबेपर्यंत दारातच गप्प उभे राहत आणि मग यजमानांना विचारत, “तुमची दक्षिण कुठं गेली जी?”

डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसाचा या प्रश्नानं हमखास गैरसमज व्हायचा. पुण्याच्या कुलकर्णी वहिनींनी त्यांना वास्तुशास्त्राचे जाणकार समजून थेट आत नेलं, कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये मांडलेले देव दाखवले आणि इथं चालेल ना, असं हळूच विचारलं. काकांनी देवांना हात जोडले आणि म्हणाले, “देवाले कुठंही चालते. तुमचा टीव्ही तेवढा खिडकीपाशी घ्या.” वहिनींनी टीव्ही सरकवला. तेव्हापासून घरात भांडणं कमी झाली, असं त्या पुढे वर्षभर लोकांना सांगत होत्या.

काकांना वास्तूशी काही घेणंदेणं नव्हतं. डॅलसच्या सगळ्या टीव्ही स्टेशनांचे मनोरे सीडर हिलच्या टेकडीवर आहेत आणि ती टेकडी आमच्या दक्षिणेला. हाय डेफिनिशनचं चित्र तिथून हवेतून येतं. अँटेना लावा आणि घ्या. मधे कुणी नाही, केबलवाला नाही, डिशवाला नाही. एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या लोकांना ठाऊक नव्हती, आणि यवतमाळच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे आलेल्या माणसाला ती इथं उतरल्याच्या चौथ्या दिवशी कळली. याचा मला अभिमान आहे आणि आमच्या लोकांची लाजही वाटते. दोन्ही मी लपवत नाही.

त्यांचा स्वतःचा फ्लॅटही दक्षिणमुखी. तो आधी आमच्यापैकी तिघांनी नाकारला होता. इंजिनिअरिंगच्या पदव्या घेतलेली माणसं यमाच्या दिशेला घाबरून पार्किंगच्या बाजूच्या अंधाऱ्या खोल्यांत राहायला गेली. काकांचा मुलगा संदीपसुद्धा जरा कचरत होता. काकांनी बाल्कनीत उभं राहून सुई पाहिली आणि म्हणाले, “यम येऊन राहिला तर त्यालेही बसवू. पण चित्र पाह्य कसं येते.”

चित्र खरोखरच तसं यायचं. सकाळच्या बातम्या देणाऱ्या बाईंच्या कोटाचा सुटलेले दोरे मी काकांच्या घरी मोजलेले आहेत. केबलवाले चित्र पिळून देतात, हा काकांचा सिद्धान्त होता. एवढ्याशा नळीतून शेकडो चॅनेलं न्यायची म्हणजे पिळावंच लागतं. हवेतलं चित्र न पिळलेलं. आणि कुणी त्याला ‘फुकट’ म्हटलं की ते चिडायचे. “फुकट नका म्हणू. हवेत आहे, आपलं आहे.”

हे वाक्य त्यांनी मला दिलं आणि मी ते माझ्या इथल्या पहिल्या पत्रकाचा मथळा म्हणून छापलं. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहायची मला सवय. पाणीपट्टीवर लिहिली, वसतिगृहाच्या मेसवर लिहिली. इथं व्हिसावर आलेल्या माणसानं गप्प बसायचं असतं, असं मला सगळे सांगायचे. काकांनी ते कधी सांगितलं नाही. त्यांनी पत्रक चष्मा वर करून वाचलं आणि एवढंच म्हणाले, “पोरी, विशेषणं फार झाली. बाकी बरोबर आहे.”

अँटेना ते स्वतः बनवत. एक फळी, थोडे स्क्रू, मागे जाळी आणि तारेचे आठ हँगर. हँगर ज्याचे त्यानं द्यायचे, हा नियम. त्यामुळे काका ज्या घरून गेले त्या घरी पलंगावर सूट-शर्टांचा ढीग पडलेला असायचा आणि नवरा इंटरव्ह्यूचा कोट शोधत असायचा. तोच हँगर आता बाल्कनीच्या कठड्यावर वाकून सीडर हिलकडे तोंड करून उभा. केबलचं कनेक्शन विकायला दारोदार फिरणारा एक तरुण एकदा काकांकडे शिरला. पाऊण तासानं बाहेर आला तो फळीच्या मापांचा कागद घेऊन. पुन्हा आमच्या बिल्डिंगमध्ये फिरकला नाही.

काकांचा स्वतःचा सोडून असे बारा अँटेने बारा बाल्कन्यांत लागले. सगळं झकास चालायचं, फक्त टेक्सासचा वारा सुटला की चित्र फुटायचं. फुटबॉलचा सामना ऐन रंगात यायचा आणि खेळाडूंचे चौकोनी तुकडे व्हायचे. मग काकांना फोन. काका दहा मिनिटांत हजर, हातात पाना. बाल्कनीत दोन मिनिटांचं काम आणि मग सोफ्यावर दोन तास. चहा ते काम झाल्यावरच घेत. कुलकर्ण्यांच्या छोट्याला कितवा दात आला, नागपूरच्या वैद्यांचं ग्रीन कार्ड कुठं अडकलं, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, सगळं त्यांना पाठ. मुलं त्यांना ‘अँटेना आजोबा’ म्हणत आणि इंग्रजीत सगळं सांगत. काका वऱ्हाडीत उत्तर देत. अडलं कुणाचंच नाही.

मग नोटीस आली.

बाराही दारांवर आणि काकांच्या दारावर पिवळा कागद: बाल्कनीतली उपकरणं सात दिवसांत काढा, नाहीतर लीज वाढवून मिळणार नाही. त्या रात्री अर्ध्या घरांनी फळी उतरवायची तयारी केली. कशाला उगाच, आपण परक्या देशात आहोत, वगैरे. मला संताप आला. मी नियम शोधून काढला. भाडेकरूच्या स्वतःच्या बाल्कनीत टीव्हीचा अँटेना लावायला घरमालक मनाई करू शकत नाही, हा या देशाच्या केंद्र सरकारचा नियम आहे. मी तो छापला, बारा दारांखालून सरकवला, बारा सह्या घेतल्या आणि अपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवला. विशेषण एकही नव्हतं.

बाईंनी शांतपणे वाचलं. नियमातलं एक वाक्य मी ठळक केलेलं नव्हतं, त्यावर बोट ठेवलं. अँटेना सुटून खाली कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखा असेल, तर तो काढायला सांगता येतो. वाऱ्यात ते हलतात, अशी तक्रार होती. गुरुवारी त्यांचा माणूस येऊन प्रत्येक अँटेना हातानं हलवून बघणार होता. हलला तो गेला.

मला हसू आलं. काकांनी बसवलेला अँटेना हलतोय कसला. तरी खात्री करावी म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी घरोघरी गेले. कुलकर्ण्यांचा हलला. वैद्यांचा हलला. माझा स्वतःचा हलला. बाराच्या बारा बाल्कन्यांत कठड्याला आवळलेल्या पट्टीचा नट दीडदोन आटे सैल होता. सगळ्यांचा सारखाच.

शेवटी काकांच्या घरी गेले. संदीप नेहमीसारखा सोमवार ते गुरुवार क्लायंटच्या गावी आणि सूनबाई ऑफिसातून यायच्या होत्या. मी बाल्कनीत जाऊन त्यांच्या अँटेन्याला दोन्ही हातांनी धक्का दिला. कठडा थरथरला, अँटेना जागचा हलला नाही.

मी तशी तोंडाची फटकळ आहे. त्यांना सरळ विचारलं की स्वतःचा पक्का आणि लोकांचे ढिले, ही काय पद्धत झाली. बारा लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून सह्या केल्या आहेत. गुरुवारी हे सगळे उतरले तर ते उतरवणारी ती बाई नसेल, तुम्ही असाल.

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालू ठेवलं.

“टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं होतो पोरी. लाइन चालू असली तं ढोके कोण, हे कोणाले ठाऊक नसे. लाइन तुटली का गावभर ढोके, ढोके.” ते पडद्याकडेच पाहत होते. “इथं आलो. म्हटलं, एकदोन आटे ढिले राहू द्यावे.”

पत्रकात बसेल असं काहीच नव्हतं त्यात.

त्यांनी पायात चपला घातल्या, ड्रॉवरमधून पाना काढला आणि माझ्या हातात टॉर्च दिला. “चाल.”

त्या संध्याकाळी आणि बुधवारी मिळून आम्ही बारा घरं केली. प्रत्येक ठिकाणी काकांनी नट शेवटपर्यंत आवळला, वर दुसरा नट चढवला आणि अँटेना गदागदा हलवून दाखवला. घरचे म्हणायचे, वा, आता तुम्हाला त्रास नाही काका. काका म्हणायचे, “हाव, आता दहा वर्षं पाहायचं काम नाही.” कुणालाही आधी सैल का होता ते सांगितलं नाही. मीही नाही. कुलकर्णी वहिनींनी चहा टाकते म्हटलं, तर घाई आहे म्हणाले. मी त्यांच्याबरोबर होते. घाई नव्हती.

गुरुवारी मेंटेनन्सचा माणूस आला. सहा फूट उंच, दंडावर गरुड गोंदलेला. त्यानं पहिल्या अँटेन्याला झटका दिला, मग खांदा लावला, मग लोंबकळायचंच बाकी ठेवलं. पाचव्या बाल्कनीत त्यानं मॅनेजरबाईंना सांगितलं की कठडे सैल आहेत, ते आधी दुरुस्त करा. सातव्या बाल्कनीत त्यानं विचारलं, हे कुणी बसवलं. मी काकांकडे बोट दाखवलं. त्यानं टोपी काढून त्यांच्याशी हात मिळवला. नोटीस त्याच दिवशी मागे घेतली गेली. असा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये राहतो, हे मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितलं, ऐकायचं असो वा नसो.

त्यानंतर एका शनिवारी मोठं वादळ झालं. पार्किंगमधलं एक झाड आडवं झालं. मी खिडकीतून बघत होते आणि माझ्या टीव्हीवर त्याच वादळाचा नकाशा, एकही चौकोन न फुटता. बाराही घरांत तसाच असणार. पुढचा शनिवार गेला. त्यापुढचाही गेला. जिन्यात काका दिसले नाहीत. हातात पाना घेऊन जाताना तर कुणालाच दिसले नाहीत.

मला राग आला. पुन्हा पत्रक लिहायला बसले. बारा घरांचा जाहीर निषेध. ज्या माणसानं आपल्याला चित्र दिलं, त्याला आपण फक्त चित्र फुटल्यावर ओळखतो. खाली दोषींची यादी लिहायला घेतली. घरं फ्लॅटच्या नंबरानं लावली, तर पहिलं नाव माझंच आलं. कागद बाजूला ठेवला आणि फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. “काय पोरी, फुटून राहिलं का चित्र?”

मी म्हटलं, नाही काका, काचेसारखं आहे. चहा टाकलाय.

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

“पाना आणू?”

“नको.”

“मग,” काका म्हणाले, “नुसताच येऊ?”