टबातली दोनशे पिल्लं

मत्स्यबीज केंद्राच्या साहेबांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "माझ्या माशांनी माणूस पाहिलेलाच नाही." नदीतून जवळजवळ नाहीशा झालेल्या जातीची दोनशे पिल्लं त्यांनी बोटभर वाढवली होती. माणसाला भ्यायली तरच ती टिकणार, म्हणून टाक्यांना काळे पडदे होते, खाणं नळीतून पडे, आणि जवळपास कुणी खोकलं तरी साहेबांच्या कपाळाला आठ्या पडत.

पिल्लं सोडायला दोन आठवडे उरले आणि केंद्रातला हवेचा पंप बंद पडला. सुटा भाग यायला दहा दिवस लागणार होते. साहेबांनी पिल्लं घरी आणून, छोटा पंप लावून, न्हाणीघरातल्या टबात ठेवली. घरादाराची आंघोळ शेजाऱ्यांकडे गेली. बायकोने दोन दिवस त्यांना नुसता पिठलं-भात वाढला. घरीच राहणाऱ्या सासऱ्यांना त्यांनी बजावलं, टबाकडे फिरकायचंसुद्धा नाही. सासरे निमूटपणे हो म्हणाले.

सोडण्याच्या दिवशी खात्याच्या वरिष्ठ अधिकारी बाई नदीवर आल्या. साहेबांनी भाषणात आपलं वाक्य दोनदा ऐकवलं. सासरे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून हौसेने पाण्यात उभे होते. डबे कलंडले, पिल्लं झपकन पांगली, साहेबांचा ऊर भरून आला. तेवढ्यात सगळी पिल्लं वळली आणि सासऱ्यांच्या पोटऱ्यांभोवती तोंडं वर करून जमली.

"ही तुम्हाला ओळखतात?" बाईंनी विचारलं.

सासऱ्यांचा हात खिशातल्या पावाकडे गेला होता. "पोरकी वाटली हो," ते म्हणाले. "म्हणून एकेक घास भरवला."

पिल्लं परत पकडायला जाळंही लागलं नाही. सासऱ्यांनी डबा बुडवला, ती आपणहून आत शिरली. बाईंनी महिन्याची मुदत दिली आणि पिल्लांना भीती शिकवायला सांगितलं. हे काम कुणी करायचं, यावर बायकोने फार विचार केला नाही. म्हणाली, "तुम्हीच करा. तुम्हाला वेगळा चेहरा करावा लागणार नाही."

साहेब रोज दोनदा केंद्रातल्या टाक्यांचे पडदे सारून काठीने पाणी झोडपू लागले. इतक्या कष्टाने वाढवलेली पोरं आपल्याला पाहून तळाशी दडली, की ते हळूच पडदा परत ओढून घेत. महिन्याने पिल्लं नदीत गेली ती वळलीच नाहीत. बाईंनी जाहीर कौतुक केलं.

त्यानंतर साहेब रोज सकाळी काठावर जाऊन बसले. पंधरा दिवसांत एक शेपूटही दिसलं नाही. सगळी मेली, अशी त्यांची खात्री झाली. शेवटी त्यांनी सासऱ्यांना पाठवलं, खिसे रिकामे करून. सासरे तासाभराने परतले आणि म्हणाले की पिल्लं खुशाल आहेत, वीतभर झालीत, दगडाआडून दुरूनच पाहिली.

"मला कशी दिसत नाहीत मग?"

सासरे चप्पल काढत म्हणाले, "मी गेलो तेव्हा तुम्ही नव्हतात ना तिथे."