सुरभी बोलतेय

शिरूर कासारच्या अलीकडं एका गावात दूध संस्था आहे. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तिथं दोन गोष्टी बरोबरच घडल्या. दूध निम्म्यावर आलं आणि यंत्र आलं. यंत्राचं नाव सुरभी. सभासदानं घरून फोन करून अडचण सांगायची आणि सुरभीनं बाईच्या गोड आवाजात, स्वतःच्या अकलेनं उत्तर द्यायचं. चेअरमन विठ्ठलराव पुण्याच्या प्रदर्शनात तिला बघून भुलले होते.

"आण्णा, जनावरांना वैरण न्हाई, आन् ही काय करणार?" महानंदानं विचारलं. ती संस्थेत बारा वर्षं कारकून होती.

"अगं, ही डोकं चालवती डोकं!"

संस्थेच्या सभामंडपात उद्घाटनाचा नारळ फुटला. सगळ्यांच्या देखत पहिला फोन सुग्रीव नावाच्या सभासदानं स्पीकरवर लावला आणि ओरडून सांगितलं, "म्हस खात न्हाई!"

"आपले खाते नाही," सुरभी म्हणाली. "नवीन खाते उघडण्यासाठी एक दाबा."

"आरं, खातं कावून उघडू? आजारी म्हस हाय!"

"कावीळ झाल्यास भरपूर पाणी प्यावे."

गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा. सभामंडपात हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून लोक करमणूक म्हणून फोन करू लागले. विठ्ठलराव महानंदावर उखडले. "आठ दिवसांत हिला सुदरव. न्हाईतर तालुक्यात तोंड दाखवायची सोय न्हाई राहायची."

कंपनीवाला फोनवर म्हणाला, यंत्र आपलं आपण शिकतं, वर्षभर धीर धरा. महानंदाकडं आठ दिवस होते. तिनं एक रात्र विचार केला आणि सकाळी यंत्राला लावलेली फोनची वायर काढून शेजारच्या पेंडीच्या गोदामात नेली. तिथं पोत्यांमागं जुना फोन जोडला. यंत्रावरचा निळा दिवा तेवढा लुकलुकत ठेवला. शाळेत तिला वक्तृत्वाची बक्षिसं मिळालेली होती. ती आता कामी आली.

"नमस्कार, मी सुरभी बोलतेय."

त्याच दुपारी सुग्रीव काउंटरवर आला. म्हैस अजून कडब्याला तोंड लावत नव्हती.

"गुळाचं पाणी शिंपडा की कडब्यावर," महानंदा म्हणाली. "चिमूटभर मीठ टाका. खाती का न्हाई बघा."

"तुला काय कळतंय त्यातलं? ऱ्हाऊ दे, मशीनलाच इचारतो."

तो बाहेर लिंबाखाली गेला. महानंदा लगबगीनं गोदामात शिरली.

"कडब्यावर गुळाचे पाणी शिंपडावे," सुरभी म्हणाली. "चिमूटभर मीठही घालावे."

सुग्रीव धावत आत आला तेव्हा महानंदा काउंटरवर धापा टाकत उभी होती. "बघ!" तो म्हणाला. "ह्याला म्हणत्यात डोकं. शिक जरा!"

म्हैस खायला लागली. मग काय, सुरभीच्या नावाचा डंका वाजला. कुणाची गाय आटली, कुणाच्या वासराला ढाळ लागले, टँकर कोणत्या वस्तीवर अडकला, सगळं सुरभीला ठाऊक. बारा वर्षं महानंदा हेच सांगत होती, पण तेव्हा ती नुसती महानंदा होती.

महिन्याभरानं गोदामातला फोन वाजला. पलीकडं खुद्द विठ्ठलराव होते, भिंतीपलीकडच्या केबिनमधून, दार लावून.

"सुरभी, एक नोटीस सांग लिवायला. आमच्याकडं महानंदा म्हणून कारकून हाय. तू आल्यापून तिला कामच उरलं न्हाई. पुढच्या महिन्यापून कमी करायचीय."

पोत्यांमागं महानंदानं ते ऐकलं. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात, घरी दोन लेकरं. आणि नोकरी जाणार होती ती तिच्याच हुशारीनं.

"हॅलो? सुरभे?"

"माहिती शोधत आहे," ती म्हणाली. "कृपया प्रतीक्षा करावी." मग तिनं पदरानं डोळे पुसले. "कर्मचारी कमी करण्यापूर्वी सर्वसाधारण सभा घ्यावी."

"घेऊ की."

"सभेत सभासद इतर विषयही काढू शकतात."

"कोणचे?"

"संस्थेची जीप लग्नाच्या वरातीत कशी गेली. दुष्काळी छावणीचा चारा कोणाच्या गोठ्यात उतरला. टँकर आपल्या मेव्हण्याच्याच नावावर का आहे."

भिंतीपलीकडं केबिनच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"तुला... हे कुणी सांगितलं?"

"यंत्र आपले आपण शिकते."

"मग काय करावं म्हणतीस?" विठ्ठलरावांचा आवाज पार खाली आला होता.

"सदर कर्मचाऱ्यास कायम ठेवणे हितावह."

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलरावांनी महानंदाला केबिनमध्ये बोलावलं. "तुला खरं सांगतो, तुला काढायचं घाटत होतं. पर मशीननं तुझी बाजू घेतली बघ. तिचे उपकार इसरू नको. रोज सकाळी तिच्यापुढं उदबत्ती लावत जा."

"लावते, आण्णा," महानंदा म्हणाली.

तिनं यंत्रापुढं दोन उदबत्त्या लावल्या, विठ्ठलराव बघत होते म्हणून हातही जोडले. धूर वाऱ्यासरशी थेट गोदामात शिरला. तेवढ्यात फोन वाजला. महानंदा पळाली. फोन वस्तीवरच्या म्हाताऱ्या सुभद्राबाईचा होता.

"नमस्कार, मी सुर—"

आणि सुरभीला सणसणीत शिंक आली. पाठोपाठ दुसरी.

महानंदानं पदर नाकाशी घट्ट धरला. पलीकडून सुभद्राबाई कळवळल्या.

"अगं बया, धुळीनं पडसं झालं की गं तुला! त्या महानंदाला म्हणावं, बसून काय खातीस, मशीनवर जरा फडकं मार."

"निरोप देते," सुरभी म्हणाली.