चाळीस हात रामटेक

नागपुरातल्या आमच्या मोहल्ल्यात पॅनोरमा या शब्दाचा अर्थ फक्त दोघांना माहीत होता. एक शरच्चंद्र मास्तर, दुसरा मी. मास्तरांना इंग्रजी येत होतं म्हणून माहीत होता आणि मला मास्तरांनी सांगितला म्हणून. पण अडुसष्ट सालच्या दिवाळीपर्यंत मी तो इतक्या जणांना समजावून सांगितला की मास्तरच तो माझ्याकडून शिकले असावेत, असं लोकांना वाटायला लागलं.

मी विणकर माणूस. पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत माग सोडून दुसरं काही वाचलं नाही. मग मास्तरांनी मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला, त्यात अक्षरं शिकलो. नवी कवळी बसवलेला माणूस दिसेल ते चावून पाहतो, तसा मी दिसेल ते वाचत सुटलो. विडीचं बंडल वाचलं, एसटीतल्या सूचना वाचल्या, एकदा एका लग्नात आहेराच्या भांड्यांवरची सगळी नावं मोठ्यानं वाचली आणि कोणी दिलेलं भांडं कोणी फिरवून दिलंय तेही वाचलं. तेव्हापासून लग्नात मला भांड्यांपासून लांब बसवतात.

एकदा रामदासपेठेत एका डॉक्टरीणबाईंकडे लुगडी पोचवायला गेलो होतो. तिथं एका फोटोवाल्याच्या दुकानावर पाटी होती. पॅनोरमा. अक्षरं वाचता आली, अर्थ काही लागेना. घशात काटा अडकावा तसा तो शब्द घेऊन मी सायकल हाणत मास्तरांकडे आलो.

मास्तर म्हणाले, "नत्थूजी, दोनेकशे वर्षांपूर्वी विलायतेत एक चित्रकार होता. डोंगरावर उभं राहून गाव पाहताना त्याच्या मनात आलं, समोरचं तर सगळेच काढतात, आपण चारी बाजूंचं काढू. मग गोल इमारत बांधली, आत भिंतभर चित्र. माणसानं मधोमध उभं राहायचं आणि स्वतःभोवती गर्रकन फिरायचं. या प्रकाराला नाव नव्हतं, म्हणून ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले. एक म्हणजे सगळं, दुसरा म्हणजे दिसणं."

"मंग फोटोवाल्याची इमारत तर चौकोनी हाय."

"शब्द कुठे एका जागी राहतात? पुढे लोक आळसावले. फिरायचा कंटाळा. मग कोणी तरी लांबच लांब चित्र दोन रुळांवर गुंडाळलं. माणूस खुर्चीत, चित्र समोरून सरकतं. त्यालाही पॅनोरमा. मग लांबोडा फोटो निघाला, तोही पॅनोरमा. आता डोंगरावरून खाली पाहिलं तरी म्हणतात, वा, काय पॅनोरमा आहे. चित्राचं नाव होतं, ते देखाव्यालाच चिकटलं."

एवढं सगळं सांगितलं त्यांनी. मी त्यातला एकच शब्द पकडला. रूळ. विणलेलं कापड गुंडाळायचे रूळ तर माझ्या घरात होते.

आता तुळसाबाईचं सांगतो. तुळसाबाई म्हणजे माझी बायको. तिचं माहेर बोरटोला, रामटेकच्या गडाखालचं लहानसं गाव. आई-बाप गेले होते. भावानं शेत विकलं आणि भिलाईला नोकरी धरली. माहेरी बोलावणारं कोणी उरलं नाही, आणि बोलावल्याशिवाय जायचं कसं? तिनं त्यावर तोड काढली होती.

"गावात नाही जात मी," ती म्हणायची. "गडावर नेऊन द्या. वरून पाहीन. लहानपणी आम्ही वर चढलो का पहिले आपलं घर शोधो. घरामागची चिंच दिसे."

"पायऱ्या किती हायेत, ठाऊक हाय ना? तुह्ये गुडघे पाह्य बरं."

"बसत बसत चढीन. तुमचं काय जाते?"

माझं काही जात नव्हतं. पण दर त्रिपुरी पौर्णिमेला जत्रा आली की माझ्या मागावर नेमकं घाईचं लुगडं असायचं. अशा सहा-सात पौर्णिमा गेल्या होत्या.

मास्तरांकडून आलो तो थेट चुलीजवळ. म्हटलं, "ऐक वं. तुले आता गड चढाची गरज नाही. मी रामटेकच इथं आणून देतो."

"कायच्यात?"

"पॅनोरमात."

तिनं भाकरी उलटली. "थे किती मोठं असते?"

"चाळीस हात," मी ठोकून दिलं.

खळ नीट न बसल्यामुळे बाजूला पडलेलं चाळीस हात कापड घरात होतंच. रंगवायला बाबनराव पेंटर गाठला. हा कुही गावाकडच्या नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवायचा. त्याला राजवाडा, जंगल आणि हंसांचं तळं एवढं डोळे मिटून यायचं. डोळे उघडून काय यायचं, ते पुढं कळलं.

बाबनराव म्हणाला, "जागा पाह्यल्याबिगर नाही रंगवत मी."

म्हणून आम्ही दोघं एसटीनं रामटेकला गेलो. एकदा नाही, दोनदा. पायऱ्या चढलो, वर भजी खाल्ली. देवळासमोरच्या कठड्याला टेकून बाबनरावानं कागदावर रेघा मारल्या, मी त्याला शेंगदाणे सोलून दिले. तुळसाबाईनं दोन्ही वेळा शिदोरी बांधून दिली.

दुसऱ्या वेळी तिनं विचारलं, "जाऊन आले?"

"कामासाठी गेलो वं. मजा माराले थोडीच गेलो?"

माझ्या मिशीला भज्याचा चुरा लागलेला होता, तेवढा तिनं पदरानं पुसला.

महिनाभर अंगणात कारखाना चालला. बाबनराव हातभर रंगवायचा, मी त्याखाली गावाचं नाव लिहायचो. कामठी. कन्हान. मनसर. आयुष्यात पहिल्यांदा माझी अक्षरं चारचौघांत जाणार होती, म्हणून कन्हानला वेलांटी नसतानाही मी ती देऊन पाहिली, बरी दिसली. मग मास्तरांनी खोडायला लावली. एक तुकडा रंगवून झाला की मी रुळावर गुंडाळायचा, मग पुढचा. बत्तीस वर्षं हेच करत आलो होतो. विणत जायचं, गुंडाळत जायचं.

दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी चारला खेळ ठेवला. दोन उभे रूळ, भोवती लाकडी चौकट, रुळांना फिरवायचे दांडे. डाव्या दांड्यावर मी, उजव्या दांड्यावर बाबनराव. गल्लीत तरटं अंथरली. बायका, म्हातारे, शेळ्या, सगळे आले. तुळसाबाईसाठी मी न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची उचलून आणली. गोल फिरणारी. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट धरून ती बसली, जणू एसटी आता सुटणारच.

मास्तर चौकटीशेजारी कागद घेऊन उभे राहिले. खुर्चीकडे पाहून मला म्हणाले, "खुर्ची फिरती आणली आहे, नत्थूजी. चित्र मात्र सरळ."

मला तो कौतुकाचा भाग वाटला.

मी दांडा फिरवला. मास्तर वाचू लागले, "सकाळची वेळ आहे. आपण नागपुरातून निघालो आहोत."

कापडावर देवळाचा कळस आला.

"ही आपली कामठी," मास्तर म्हणाले. कापडावर माकडं आली.

 कापड विणून गुंडाळलं की पहिल्यांदा विणलेलं सगळ्यात आत जातं. लुगड्याचं ते चालतं. कोणतं टोक आधी विणलं, असं कोणी गिऱ्हाईक विचारत नाही. पण यात्रेचं पहिलं टोक आत गेलं होतं आणि शेवट वर आला होता. माणसं पाठीकडून पायऱ्या उतरू लागली. एसटी मागं मागं जायला लागली.

शेजारच्या यमुताईंनी मोठ्यानं विचारलं, "काहून वं तुळसा, तुमच्यात दर्शन करून मंग घरून निघतात काय?"

गल्ली हसली. शेळ्याही ओरडल्या. मी बाबनरावाला म्हटलं, "गुंडाळ पटकन. सगळं तिकडच्या रुळावर घे, मंग पहिल्यापासून दाखवू."

"ओढू नका गा नत्थूजी, आतला रंग ओला असन."

"महिना झाला रंगवून."

"खळीत कालवलाय. खळ आहे थे, माहीत नाही काय तुम्हाले?"

मला माहीत नसणार तर कोणाला? खळ लावलेलं कापड ओलं गुंडाळलं तर चिकटतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. पण चारशे डोळे पाहत होते. मी दांडा जोरात फिरवला. पापड सोलावा तसा आवाज येऊ लागला. जे सुटून आलं ते कुठलंच गाव नव्हतं. कन्हानच्या पुलावर हंस बसले होते. एसटीच्या टपावर देऊळ होतं. एका माकडाच्या पोटावर मनसर असं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

मग रूळ अडकला. मी ओढलं, बाबनरावानंही ओढलं, आणि चौकट आस्ते आस्ते मास्तरांवर आली. मास्तर कापडाखाली गेले. पण शिस्तीचा माणूस, आतूनही वाचत राहिले, "आता आपण गडावर पोचलो आहोत. येथून सर्व काही दिसते."

लोक तरटांवर लोळत होते. आम्ही मास्तरांना बाहेर काढलं. त्यांचा चष्मा शाबूत होता आणि टकलावर तळ्याचा निळा रंग उतरला होता.

तुळसाबाई हसली नव्हती. ती खुर्चीतून उतरून पसरलेल्या कापडाजवळ आली आणि खाली बसली. तिला वाचता येत नव्हतं. एकेका नावावर बोट ठेवत तिनं मला विचारलं, "हे काय लिहेल हाय?"

"कामठी."

"अन् हे?"

"मनसर."

असं शेवटपर्यंत चाललं. मग तिनं विचारलं, "बोरटोला कुठं हाय?"

मी बाबनरावाकडे पाहिलं. बाबनरावानं माझ्याकडे पाहिलं.

"कोणतं बोरटोला?" तो म्हणाला. "वहिनी, मले तर कोणी सांगतलंच नाही. खाली रिकामं दिसे, म्हणून म्या हंस टाकले."

सांगायला मी हवं होतं. मी दोनदा गडावर गेलो, भजी खाल्ली, शेंगदाणे सोलले, पण ते गाव कुठल्या बाजूला आहे हे कोणाला विचारलं नाही. मला स्वतःला माहीत नव्हतं. मी त्या गावी एकदाच गेलो होतो, लग्नाला, तेही बैलगाडीत झोपून. आणि लिहायला शिकून वर्ष झालं होतं, तरी ते नाव मी एकदाही लिहिलं नव्हतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "लहान गाव हाय. राहून जाते."

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या पौर्णिमेले तुले नेतोच. उचलून नेईन."

पुढच्या पौर्णिमेला घाईचं लुगडं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी मास्तर वारले. मग तिचे गुडघे अंगणापुरतेच उरले. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात ती गेली. त्या चाळीस हातांच्या तिनं गोधड्या शिवल्या होत्या. अजून एक माझ्या अंगावर असते. धुऊन धुऊन हंस गेले, माझी अक्षरं काही जात नाहीत.

चौऱ्याऐंशीत मी एकटाच रामटेकला गेलो. माग तोवर विकला होता. घाईचं काही उरलं नव्हतं. कठड्याची तीच जागा धरली आणि डोळे ताणून खाली पाहत राहिलो. जवळ एक चहावाला होता.

"केव्हाचे पाहून राहिले, बाबाजी. काय शोधता?"

"बोरटोला."

"कोण हाय तिथं?"

"सासुरवाडी."

तो पेला विसळायचा थांबला. "सासुरवाडी हाय अन् कुठं हाय ठाऊक नाही?"

 त्यानं ओल्या हातानं माझा खांदा धरला आणि मला सावकाश फिरवलं. गर्रकन नाही, सावकाश.

"इकडं काय पाहता? तुमच्या पाठीमागं हाय थे."

देवळाच्या कोपऱ्यापाशी कठडा थोडा खचला होता, तिथून खाली दिसत होतं. पाच-सहा घरं, त्यांच्या मागं एक चिंच. जास्त नव्हतं. दीड हात कापडात सगळं बसलं असतं.