गोमाकाकांच्या बंदुकीची उष्णता

गोमाकाकांच्या बंदुकीला उष्णतेचा त्रास होता. हे निदान त्यांचं स्वतःचं. माणसाला उष्णता झाली की तोंड येतं, बंदुकीला झाली की ती अडकते, असं ते अगदी वैद्यासारखं गंभीर होऊन सांगत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ओट्यावर बसून एका लांबलचक वस्तूला ओला पंचा गुंडाळत होते.

"कोण आजारी आहे का?" मी विचारलं.

"ही काय," म्हणून त्यांनी पंचा बाजूला केला आणि बंदुकीची नळी माझ्याकडे वळली. मी त्यांच्या चाळीत खोली बघायला गेलो होतो. भाड्यात घासाघीस करायची म्हणून घरून ठरवून निघालो होतो, ती राहून गेली.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी मूळचा साताऱ्याकडचा, रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर. गोमाकाका करावे गावचे. त्यांची भातशेती नव्या शहरात गेली, तिच्यावर सेक्टर उभे राहिले. बंदुकीचा परवाना शेतात शिरणाऱ्या डुकरांसाठी मिळालेला. शेत गेलं, डुकरं गेली, परवाना तेवढा राहिला. मग हातात चार पैसे आले तेव्हा काकांनी जुनी बंदूक देऊन ही पंपाची घेतली. हिचा खालचा लाकडी दस्ता मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढे ढकलला की नवं आत जातं. दोन बार झकास व्हायचे. तिसऱ्याला नळी तापली की दस्ता मध्येच रुतून बसायचा, तो काही केल्या हलायचा नाही. गार झाली की पुन्हा गुणी बाळ.

"तिला गरम सोसत नाय," काका म्हणायचे. दिवसातून चार वेळा तरी म्हणायचे.

उपाय म्हणाल तर त्यांनी काही म्हणता काही सोडलं नव्हतं. बंदूक माठाच्या कोपऱ्यात उभी करून झाली. दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारून झालं. त्याने माणसाबद्दल समजून सब्जाचं पाणी सांगितलं, तर काका ते स्वतःच पीत बसले. "धन्याला थंडावा तर तिला थंडावा," हे त्यावरचं त्यांचं शास्त्र. एकदा तर त्यांनी खाडीवरून बर्फाची पेटी आणली आणि बोंबलांच्या शेजारी बंदूक झोपवली. त्यानंतर आठवडाभर गल्लीतली मांजरं बंदुकीच्या मागे फिरत होती.

हे सगळं बघून माझा जीव वरखाली व्हायचा. ओला पंचा, बर्फ, माठ! लोखंडाला असं वागवतात का? मी दर रविवारी म्हणायचो, "आवं काका, एकदा खोलू द्या की मला. आत बघितल्याशिवाय रोग कसा कळायचा?"

"खोलाचा नाय." काकांचा चेहरा बंद व्हायचा. "तू भायेरून काय तो इलाज सांग."

जगात सगळ्यांचा सल्ला घ्यायचा आणि घरच्या फिटरला हात लावू द्यायचा नाही! मी चिडून खोलीत जायचो. थोड्या वेळाने दारावर टकटक व्हायची. काका हातात कालवणाचं भांडं घेऊन उभे. "जास्त झायला रं. एकल्याला अंदाज येत नाय." काकी जाऊन बरेच दिवस झाले होते, तरी त्यांना अंदाज येत नव्हता. मुलगा सानपाड्याला सोसायटीत राहायला गेलेला. तिथे वर्दी दिल्याशिवाय जायचं नाही, अशी पद्धत होती. त्यामुळे बंदुकीची तब्येत हाच काकांचा लोकांशी बोलायचा विषय. मला तर वाटायचं, ती बरी झाली तर हा माणूस बोलेल कशावर?

बंदुकीचं खरं काम वर्षातून एकदाच. चैत्रात गावदेवीची पालखी निघते. देवळाच्या पायरीवर काकांच्या घराण्याने आकाशाकडे पाच बार काढायचे, मगच पालखी उचलायची, असा मान. आणि मानाबरोबर दुसरी गोष्ट म्हणजे पालखी पहिली टेकायची ती काकांच्या अंगणात. त्या दिवशी मुलगा, सून, नातवंडं येत. अख्खा गाव जेवून जाई. वर्षभर रिकामं पडलेलं घर त्या एका दुपारी इतकं भरायचं, की काकांना स्वतःला बसायला जागा मिळत नसे. उभ्याउभ्याच वाढत हिंडायचे, आणि असा आनंदी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण आदल्या वर्षी बंदूक तिसऱ्या बारालाच रुसली. पालखी उन्हात खोळंबली. शेवटी काकांचा चुलतभाऊ रामा आपली दुनळी घेऊन धावला आणि उरलेले बार त्याने पुरे केले, तेव्हा कुठे ती काकांच्या अंगणात टेकली. यंदा पालखीच्या आधी देवळात गावकी बसली आणि ठरलं, की गोमाचे पाच बार सलग झाले नाहीत तर मान रामाच्या घरी जाईल.

त्या रविवारी सकाळी काका माझ्याकडे आले. बंदूक माझ्या खाटेवर ठेवली आणि म्हणाले, "खोल."

मी आधी काडतूस नाही ना ते दोनदा बघितलं. खाली वाटीत रॉकेल ओतलं, चिंध्या घेतल्या. दस्ता उतरवला आणि बघतच राहिलो. मुख्य नळीखालच्या ज्या बारक्या नळीवर दस्ता सरकतो तिच्यावर पिवळा-लाल लेप बसला होता. हळद, कुंकू आणि कसलंतरी तेल. वास घेतला तर केसांना लावायचं सुगंधी तेल! बंदूक गार असताना हा लेप खडखडीत राहणार, नळी तापली की चिकट होऊन दस्ता धरून ठेवणार. कारखान्यात एवढासा दोष आम्ही हसत हसत काढतो.

"काका, सापडलं! उष्णता नाही न् काही नाही. अर्ध्या तासात पुसून देतो. पाच काय, पंचवीस बार काढा."

मी चिंधी रॉकेलात बुडवली आणि आतल्या बाजूला वळलो. तिथे, जिथे दस्ता पोचत नव्हता त्या कोपऱ्यात, तो लेप पसरलेला नव्हता. चार बोटं स्पष्ट उमटली होती. बारीक, बाईमाणसाची.

"दसऱ्याच्या पूजेला तुज्या काकीला सगली हत्यारा लागायची," काका हळूच म्हणाले. "कोयता, विला, ही. मना सांगायची, खोल. टोप भायेरून घासून काय उपेग? आतून घासाचा. रॉकेलान धुवायची, मग आपल्या डोक्याचा तेल लावायची, मग हलद-कुकू. दर साल नवा. त्या दसऱ्याला लावला, न् दिवाली तिना बघितली नाय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"एकदा खोलून बघितली व्हती. मना ठाव हाय ती का अडकते." त्यांनी माझ्या हातातल्या चिंधीकडे पाहिलं. "पुसलास तर सगला जाईल?"

"सगळं जाईल काका. तो कोपरा सोडून पुसायचं म्हटलं तरी रॉकेल आत उतरणारच."

ते बराच वेळ वाकून बघत होते. बोटावर बोट ठेवायला हात पुढे केला आणि न टेकवताच मागे घेतला.

"बंद कर," ते म्हणाले.

मी बंद केली.

पालखीच्या दिवशी काका धुतलेला शर्ट घालून, बंदूक खांद्याला लावून देवळाच्या पायरीशी आले. पुजाऱ्याने मानाचा नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि सरळ रामाच्या हातात ठेवला.

"तू काड रं बार. माजी गरम झायली."

"एक तरी बार काढलास का? गरम कशी झायली?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. काकाही हसले. रामा मात्र हसला नाही. त्याने काकांना वाकून नमस्कार केला, मग दोन-दोन काडतुसं भरत पाच बार नीट काढले. पालखी उचलली गेली, वळली आणि रामाच्या अंगणाकडे गेली. काकांची नातवंडं पालखीच्या मागोमाग पळाली. मुलगा वळून "बाबा, या जेवायला," म्हणाला आणि गर्दीबरोबर पुढे गेला.

मी ओट्यावर आलो तेव्हा काका बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. ओला पंचा नव्हता, सब्जा नव्हता. लांबून ढोल ऐकू येत होते. मी शेजारी बसलो.

"पुसली असती तर पाची बार झाले असते, नाय?" काकांनी विचारलं.

"झाले असते काका. पालखी इथे असती आत्ता."

ते रिकाम्या अंगणाकडे बघत राहिले. मग बंदूक तिच्या खोळीत घालता घालता म्हणाले, "न् संध्याकाली सगली आपापल्या घरी गेलीच असती ना रं?"