टायरमार्फत

चष्मेवाल्याच्या घरात चार दिवस अबोला होता, आणि कारण होतं एक स्वप्न. ते पडलं बायकोला. स्वप्नात ती सायकलच्या कॅरिअरवर बसली होती, एका वळणावर अलगद घसरून गवतात पडली, आणि नवरा शीळ वाजवत, मागे वळूनही न बघता निघून गेला. सकाळी चहा ओतता ओतता तिनं हे सांगितलं, तेव्हा एखाद्या शहाण्यानं "अरेरे" म्हटलं असतं. हा म्हणाला, "मग सायकल हलकी लागली असेल!"

तिनं किटली खाली ठेवली आणि तोंडाला कुलूप लावलं.

ती बसस्टँडवर माईकवरून सूचना द्यायची. कुठली गाडी कुठे लागलीय, हे साऱ्या गावाला गोड आवाजात सांगणारी बाई घरी ब्र काढेना. तिसऱ्या दिवशी तर चष्मेवाला दुकान लवकर बंद करून बसस्टँडवरच्या बाकावर जाऊन बसला, नुसता तिचा आवाज ऐकायला. गाड्या आल्या, गेल्या. त्याला फार एकटं वाटलं. पण माफी मागायची म्हणजे तरी कशी? गुन्हा स्वप्नातला, आणि शिक्षा मात्र जागेपणी!

शेवटी त्यानं ठरवलं, की जुनी सायकल नीट करायची, तिला कॅरिअरवर बसवून फिरवून आणायचं आणि प्रत्येक वळणावर मागे बघायचं. त्यासाठी नवा टायर आणला. सायकलवाला म्हणाला, "बसवून देऊ का? हा माल फार घट्ट येतो, साहेब."

"अहो, मी जन्मभर फ्रेममध्ये काचा बसवतोय," चष्मेवाला म्हणाला. "मला शिकवता?"

सुट्टीच्या दुपारी तो चाक घेऊन गच्चीवर बसला. टायरची एक कड गुपचूप रिमवर चढली. आत ट्यूबही शहाण्यासारखी झोपली. दुसरी कड मात्र वीतभर राहिली, ती राहिलीच. इकडून दाबावी तर तिकडून निसटायची. चमचा घालून पाहिला, तो वाकला. दुसरा घातला, तो पहिल्याच्या वळणावर गेला. मग साबणाचं पाणी लावलं. त्यानं टायर जागचा हलला नाही, पण चष्मेवाला दोनदा घसरला.

तेवढ्यात शेजारचे काका कठड्यावरून डोकावले. "उन्हात ठेव. सैल पडतो."

टायर उन्हात ठेवला, आणि टायरऐवजी चष्मेवालाच सैल पडला. डोळा लागला. स्वप्नात टायर आपणहून रिमवर चढला, चाक गच्चीवरून उतरलं आणि रस्त्यानं एकटंच फिरायला गेलं. लोक त्याला हात करत होते. जाग आली तेव्हा चाक शेजारीच होतं, वीतभर उघडं.

आता त्यानं ते मांडीवर घेतलं, दोन्ही गुडघ्यांनी आवळलं, दोन्ही हातांनी दोन टोकं धरली. बोटभरच राहिलं. पण ते ढकलायला हात उरला नव्हता, आणि सोडावं तर सगळंच मुसळ केरात. अवयवांपैकी मोकळी होती फक्त जीभ, आणि तिला बंदी होती.

अशात बायको वाळलेले कपडे काढायला वर आली आणि दोरीवरून एकेक कपडा हातावर घेऊ लागली.

चष्मेवाल्यानं आभाळाकडे पाहिलं आणि टायरला म्हणाला, "बाबा रे, कुणी समोरून धरलं असतं, तर तुझं भलं झालं असतं."

कपड्यांचा ढीग थबकला. मग ती समोर येऊन बसली, चाकाची पलीकडची बाजू धरली, आणि अगदी माईकवरच्या आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी कृपया ढकलाढकली करू नये."

हे काही बोलणं नव्हे, ही सूचना होती. चार दिवसांनी तो आवाज घरात आला आणि चष्मेवाल्याचे हातच ढिले पडले. टायर सटकन निघाला.

"टायरला म्हणावं, सॉरी," तो पुटपुटला.

"गाडी परत त्याच जागी लागेल," सूचना आली.

काका पुन्हा डोकावले. "वा! अबोला सुटला वाटतं?"

"छे!" दोघं एकदमच म्हणाले. काका गुपचूप खाली गेले.

दोघांनी पुन्हा जोर लावला. तिचं कपाळ त्याच्या कपाळाजवळ आलं होतं, गच्चीवरचं ऊन कलत होतं, आणि दोरीवर राहिलेली एक चादर उगाचच हलत होती. ती रिमकडे निरखून पाहत होती. रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ होती, आणि टायरची बसलेली कड मात्र काठालाच चिकटून होती.

"प्रवाशांनी दारात गर्दी करू नये," ती सावकाश म्हणाली. "मधल्या जागेत सरकून घ्यावे."

चष्मेवाल्यानं कड चिमटीनं मधल्या पन्हळीत ढकलली, तिनंही ढकलत ढकलत आणली. कुठून कोण जाणे, बोटभर सैलपणा आला. टायर "टप्" करून बसला, जणू त्यानं कधी नाही म्हटलंच नव्हतं.

काम संपलं होतं. तिनं हात पुसले, कपडे उचलले आणि जिन्यापर्यंत गेली. चष्मेवाला चाक मांडीवर घेऊन पाठमोऱ्या तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी म्हणावं असं त्याच्या फार मनात होतं, पण आता टायरलाही सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती जिन्यात थांबली. वळली.

"अहो," ती म्हणाली, घरातल्या आवाजात. "तो उलटा बसलाय."

"उलटा?"

"बाण असतो ना, चाक कुठे फिरायचं त्याचा. तुमचा मागे दाखवतोय."

चष्मेवाल्यानं चाक फिरवून पाहिलं. नजरेचा धंदा त्याचा. केसाएवढा ओरखडासुद्धा सुटला नसता. त्या टायरवर बाण नव्हता. या बाजूला नव्हता, त्या बाजूलाही नव्हता.

"अगं हो की," तो म्हणाला. "साफ उलटा. काढायलाच हवा."

तिनं कपडे जिन्यावर ठेवले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.